संविधान सभेत आपले बुजुर्ग काय बोलले?

निवडणुका जवळ आल्या किंवा समान नागरी कायद्याची चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली, की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एकात लिहिलेले असते की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना समान नागरी कायदा हवाच होता, पण मुस्लिम सदस्यांनी त्यात खोडा घातला. दुसऱ्यात लिहिलेले असते की बाबासाहेबांनी मुसलमानांना शब्द दिला होता, तुमच्या शरीअतला कोणी हात लावणार नाही. गंमत अशी की दोन्ही संदेश एकाच दिवसाचा हवाला देतात : २३ नोव्हेंबर १९४८. घरात रात्री दस्तरखानवर वाद होतो. कॉलेजात जाणारी मुलगी विचारते, "अब्बा, मग खरे काय?" आणि आपण मोठी माणसे "असेच काहीतरी होते" असे म्हणून विषय बदलतो.

हे उत्तर आता पुरणार नाही. कारण त्या दिवशी काय बोलले गेले, ते कोणाच्या आठवणीवर सोडलेले नाही. संविधान सभेतील भाषणे लघुलेखकांनी टिपून घेतली, ती सरकारी अहवाल म्हणून छापली गेली आणि आज कोणालाही वाचता येतात. गेले काही महिने आम्ही हे खंड वाचत आहोत. वाचता वाचता एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. आपल्याविषयी आणि आपल्या वतीने जे वाद आज घातले जातात, त्यांतले बरेचसे मुद्दे आपल्या बुजुर्गांनी त्या सभागृहात उभे राहून मांडले होते, आणि आजच्यापेक्षा अधिक नेमकेपणाने, अधिक अदबीने मांडले होते. हे दप्तर कसे वाचावे आणि त्यात आपल्याला काय सापडते, हे वाचकांसमोर ठेवण्यासाठी हा लेख आहे.

दप्तर केवढे आणि कुठे?

संविधान सभेची, म्हणजे आपले वडीलधारे ज्याला 'घटना समिती' म्हणत तिची, पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत भरली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले, २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी त्यावर सह्या केल्या आणि दोन दिवसांनी ते पूर्णपणे अमलात आले. या काळातील चर्चांचे १२ खंड आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी कामाचा हिशेबच मांडला होता : ११ अधिवेशने, १६५ दिवसांचे कामकाज, त्यातले ११४ दिवस मसुद्याच्या विचारासाठी. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. दुरुस्ती मांडणे म्हणजे नुसता हात वर करणे नव्हे. आपला बदल लेखी द्यायचा, उभे राहून त्याची कारणे सांगायची, विरोधकांचे ऐकून घ्यायचे आणि शेवटी मताला सामोरे जायचे.

मूळ कागद पाहिल्यावर किती छोट्या छोट्या गोष्टी उलगडतात, त्याचे एक उदाहरण. शाळेत मुलांना शिकवतात की संविधान तयार व्हायला २ वर्षे, ११ महिने आणि १८ दिवस लागले. बाबासाहेबांच्या भाषणात मात्र १७ दिवस असे आहे. यात चूक कोणाचीच नाही. बाबासाहेब २५ तारखेला बोलत होते आणि संविधान स्वीकारले गेले २६ ला. तारीख पाहिली की कोडे सुटते, तारीख न पाहता भांडत बसले की वाढते. पुढचे बहुतेक वाद याच जातीचे आहेत.

हे खंड लोकसभा सचिवालयाने पुन्हा छापले आहेत, मोठ्या ग्रंथालयांत मिळतात आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतात. महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांची जी लेखने आणि भाषणे इंग्रजीत प्रसिद्ध केली आहेत, त्यातला १३ वा खंड पूर्णपणे संविधान सभेतील त्यांच्या कामाविषयी आहे. तो आपल्या राज्यात शोधणे अवघड नाही. मात्र सभागृहाच्या आधी समित्यांमध्ये जी चर्चा झाली, ती या १२ खंडांत नाही. त्यासाठी बी. शिवराव यांनी संपादित केलेले 'द फ्रेमिंग ऑफ इंडियाज कॉन्स्टिट्यूशन' हे खंड पाहावे लागतात.

शोध कसा घ्यावा?

हदीस ऐकली की ती कोणी सांगितली, त्याने कोणाकडून ऐकली, हे विचारण्याची रीत आपल्याकडे शतकानुशतके आहे. सनद नसेल तर बोलणे कितीही गोड असो, आलिम ते स्वीकारत नाहीत. संविधान सभेतील वाक्यांनाही हीच कसोटी लावायची आहे. कामाच्या चार गोष्टी आम्ही सांगतो.

पहिली गोष्ट कलमांच्या क्रमांकाची. सभागृहापुढे होता तो मसुदा ३१५ कलमांचा होता आणि शेवटी संविधान झाले ३९५ कलमांचे. त्यामुळे क्रमांक बदलले. समान नागरी कायद्याचे आजचे कलम ४४ त्या वेळी कलम ३५ होते. धर्मस्वातंत्र्याचे आजचे कलम २५ तेव्हा १९ होते. आजचा क्रमांक घेऊन जुन्या खंडात शोधले तर भलतीच चर्चा हाती लागते.

दुसरी गोष्ट, एक वाक्य नव्हे तर पूर्ण चर्चा वाचावी : दुरुस्ती कोणी मांडली, तिचे शब्द काय होते, बाजूने कोण बोलले, विरोधात कोण बोलले, उत्तर कोणी दिले आणि मत कसे पडले. या साखळीतली एक कडी जरी सुटली तरी अर्थ उलटू शकतो.

तिसरी गोष्ट भाषेची. काही सदस्य हिंदुस्तानीत बोलत. इंग्रजी खंडांत त्यांच्या भाषणांचे भाषांतर दिलेले आहे. तेव्हा त्या भाषणांतले एखादे इंग्रजी वाक्य आपण उद्धृत करतो, तेव्हा ते शब्द वक्त्याचे नसून भाषांतरकाराचे असतात, हे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट, तोच विषय दुसऱ्या कोणत्या दिवशी निघाला होता का, ते पाहावे. सभागृहात एकच मुद्दा अनेकदा येई आणि पहिल्या दिवसाचे उत्तर दुसऱ्या दिवशी अधिक स्पष्ट होई.

आता या चार गोष्टी हाताशी धरून त्या प्रसिद्ध दिवसाकडे जाऊ.

२३ नोव्हेंबर १९४८

त्या दिवशी मसुद्यातील कलम ३५ चर्चेला आले. राज्य सर्व नागरिकांसाठी एकसमान नागरी कायदा करण्याचा प्रयत्न करील, एवढेच ते कलम म्हणत होते. ते मार्गदर्शक तत्त्वांत होते, म्हणजे कोर्टात जाऊन त्याची अंमलबजावणी मागता येणार नव्हती.

मद्रासचे मोहम्मद इस्माईल साहेब यांनी पहिली दुरुस्ती मांडली. ज्या समाजाला स्वतःचा वैयक्तिक कायदा आहे, त्याला तो सोडून देण्याची सक्ती होऊ नये, असे तिचे म्हणणे. पश्चिम बंगालचे नझिरुद्दीन अहमद यांची दुरुस्ती वेगळी होती. कायद्याने हमी दिलेला वैयक्तिक कायदा त्या समाजाची आधी मान्यता घेतल्याशिवाय बदलू नये आणि ती मान्यता कशी घ्यायची हे संसदेने कायद्यानेच ठरवावे, असे ते म्हणत होते. मद्रासचेच महबूब अली बेग साहेब आणि बी. पोकर साहेब यांनीही दुरुस्त्या मांडल्या. बिहारचे हुसेन इमाम बोलले.

हे सगळे एकाच सुरात बोलले असे समजणे चूक ठरेल. मोहम्मद इस्माईल साहेबांच्या दृष्टीने वैयक्तिक कायदा हा धर्माचा आणि जगण्याच्या रीतीचा भाग होता, त्यात हात घालणे म्हणजे लोकांच्या जगण्यात हात घालणे होते. नझिरुद्दीन अहमद मात्र म्हणाले की नागरी कायदा एकसारखा होण्याची वेळ कधीतरी येईल याविषयी त्यांना शंका नाही, पण ती वेळ अजून आलेली नाही. जे करायचे ते हळूहळू आणि लोकांच्या संमतीने करावे. हुसेन इमाम यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतील शिक्षणाची आणि परिस्थितीची तफावत दाखवून घाई करू नका असे सांगितले. तत्त्वाला विरोध, वेळेला विरोध आणि पद्धतीला विरोध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मुस्लिम सदस्यांनी विरोध केला' या एका वाक्यात त्या तिन्ही गडप होतात.

उत्तर द्यायला मुंबईचे के. एम. मुन्शी उठले. वैयक्तिक कायदा धर्मापासून वेगळा काढल्याशिवाय एकसंध राष्ट्र उभे राहणार नाही, अशी त्यांची बाजू. हिंदू समाजातही आपल्या कायद्यात बदल नको म्हणणारे आहेत, हेही त्यांनी लपवले नाही. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनीही कलमाची पाठराखण केली. शेवटी बाबासाहेब बोलले.

बाबासाहेबांच्या भाषणाचे दोन भाग आहेत आणि भांडण सारे या दोन भागांच्या फाळणीतून निघते. पहिल्या भागात त्यांनी सांगितले की फौजदारी कायदा, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा असे कितीतरी कायदे देशभर आधीच एकसारखे आहेत. उरला आहे तो विवाह आणि वारसा यांचा कोपरा. मुस्लिम वैयक्तिक कायदा देशभर एकच आणि कायम राहिला आहे, हा दावाही त्यांनी इतिहासाच्या आधाराने खोडून काढला. वायव्य सरहद्द प्रांतात १९३५ पर्यंत वारशाच्या बाबतीत मुसलमान हिंदू कायदा पाळत होते. संयुक्त प्रांत, मध्य प्रांत, मुंबई इथेही १९३७ च्या शरीअत कायद्यापर्यंत बऱ्याच अंशी तीच स्थिती होती. मलबारमध्ये मातृवंशाने वारसा देणारी मरुमक्कतायम पद्धत मुसलमानांतही होती. यातली मध्य प्रांत आणि मुंबई ही नावे वाचताना आपण थांबले पाहिजे. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग याच दोन प्रांतांतून आला आहे. म्हणजे ही आपल्याच पणजोबांच्या पिढीची गोष्ट आहे.

दुसऱ्या भागात बाबासाहेबांनी आश्वासन दिले. हे कलम म्हणजे उद्याच सर्वांवर कायदा लादला जाईल असे नव्हे. भावी संसद सुरुवात म्हणून असेही करू शकेल की जे नागरिक स्वतःहून या कायद्याने बांधले जाण्याची तयारी जाहीर करतील, त्यांनाच तो लागू होईल. म्हणजे सुरुवातीला तो पूर्णपणे ऐच्छिक राहू शकेल. त्यानंतर सर्व दुरुस्त्या मताला टाकल्या गेल्या, फेटाळल्या गेल्या आणि कलम कायम झाले.

आता मोबाईलवरचे ते दोन संदेश पुन्हा पाहा. पहिला संदेश भाषणाचा पहिला भाग घेतो, दुसरा संदेश दुसरा भाग घेतो. पण दुसऱ्या भागातही 'हात लावणार नाही' असा शब्द कुठेच नाही. आहे तो संसदेपुढे ठेवलेला एक मार्ग. आणि पहिल्या भागातही आज, ताबडतोब, सक्तीने असे कुठेच नाही. वकील बाबासाहेब आणि समाजाची नाडी ओळखणारे बाबासाहेब हे दोघेही एकाच भाषणात आहेत. त्यांतला एक ठेवून दुसरा गाळणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

नऊ दिवसांनी

चौथी गोष्ट आम्ही सांगितली होती की तोच विषय पुढे कधी निघाला ते पाहावे. २ डिसेंबर १९४८ रोजी वैयक्तिक कायद्याचा मुद्दा पुन्हा आला. त्या दिवशी बाबासाहेबांनी आणखी स्पष्ट बोलून दाखवले. आपल्या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सर्व व्यवहार व्यापतात. वैयक्तिक कायदा त्या व्याप्तीत कायमचा राखून ठेवला तर समाजसुधारणेचा कोणताच कायदा करता येणार नाही, असे ते म्हणाले. पण लगेच पुढे त्यांनी सांगितले की अधिकार असणे आणि तो ताबडतोब वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वेगवेगळ्या समाजांच्या भावनांशी मेळ घालूनच कोणत्याही सरकारला आपला अधिकार वापरावा लागतो. मुस्लिम समाज बंडाला उठेल अशा रीतीने जे सरकार तो वापरील ते वेडे सरकार म्हणावे लागेल, या अर्थाचे ते बोलले.

कथेला आणखी एक बाजू आहे आणि ती समित्यांच्या कागदांत दडलेली आहे. समान नागरी कायदा केवळ मार्गदर्शक तत्त्व म्हणून ठेवणे ज्यांना पुरेसे वाटले नाही, त्यांत मुंबईच्या हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानी होते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत त्यांनी वेगळे मत नोंदवले आणि पाच-दहा वर्षांत असा कायदा मिळण्याची हमी मागितली. त्यांचेही म्हणणे मान्य झाले नाही. म्हणजे आज जे कलम ४४ आहे, ते कोणत्याच बाजूने जसे मागितले तसे नाही. एका बाजूला हमी हवी होती, दुसऱ्या बाजूला अपवाद हवा होता. सभागृहाने दोन्ही नाकारले आणि प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या हाती दिला. त्या पुढच्या पिढ्या म्हणजे आपण.

वऱ्हाडचा एक आवाज

संविधान सभेतील मुस्लिम सदस्य केवळ वैयक्तिक कायदा आणि राखीव जागा यांवरच बोलले, असा एक समज आहे. खंड वाचले की तो गळून पडतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांचे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? ते मुस्लिम लीगचे सदस्य होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी अशी दुरुस्ती मांडली की नागरिकाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची आणि मालमत्तेची वाजवी कारणाशिवाय झडती घेता येऊ नये किंवा जप्ती करता येऊ नये. अमेरिकेच्या संविधानात असे संरक्षण आहे, ते आपल्याकडेही असावे, असा त्यांचा आग्रह होता.

बाबासाहेबांनी उत्तर दिले की फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात अशी तरतूद आहेच. तरीही व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ती कायदेमंडळाच्या आवाक्याबाहेर, संविधानात असणे इष्ट ठरेल, आणि दुरुस्ती स्वीकारण्याची त्यांनी तयारी दाखवली. इतके होऊनही ती संविधानात आली नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटले की असे संरक्षण आपल्या संविधानकर्त्यांनी दिलेले नाही. पुढे ६३ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आणि १९५४ ची ती भूमिका बाजूला ठेवली. त्या निकालपत्रात करीमुद्दीन साहेबांच्या दुरुस्तीची चर्चा आहे.

करीमुद्दीन साहेबांनी ही मागणी केवळ मुसलमानांसाठी केली नव्हती. ज्याच्या दारावर रात्री पोलीस थाप मारतात, त्या कोणत्याही गरिबासाठी केली होती. ४ जानेवारी १९४९ रोजी त्यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत सुचवली, तीही सगळ्याच लहान गटांना आवाज मिळावा म्हणून. ती सूचना हरली. पण हरलेली सूचना दप्तरातून पुसली जात नाही. झडतीविषयीची त्यांची मागणी सुमारे सात दशकांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पुन्हा वाचली गेली, हे आपण पाहिलेच.

आपसांतले मतभेद

मे १९४९ मधील चर्चा आम्हाला सर्वांत अधिक बोलकी वाटली. ऑगस्ट १९४७ मध्ये सभागृहाने स्वतंत्र मतदारसंघ नाकारून संयुक्त मतदारसंघांत अल्पसंख्याकांना राखीव जागा मान्य केल्या होत्या. २५ मे १९४९ रोजी सरदार पटेल यांनी सल्लागार समितीचा नवा अहवाल मांडला : धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाही काढून टाकाव्यात. मधल्या काळात फाळणी होऊन गेली होती, दंगली होऊन गेल्या होत्या, गांधीजींची हत्या झाली होती. सभागृहात बसलेल्या मुस्लिम सदस्यांकडे देश कोणत्या नजरेने पाहत होता, याची कल्पना करणे अवघड नाही.

तरी ते बोलले, आणि एकमेकांच्या विरोधातही बोलले. मोहम्मद इस्माईल साहेबांनी राखीव जागा हव्यात आणि त्याही स्वतंत्र मतदारसंघांसह हव्यात, अशी दुरुस्ती मांडली. अल्पसंख्याकांचा खरा प्रतिनिधी तोच, ज्याला त्यांनी स्वतः निवडले, हा त्यांचा मुद्दा. संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी यांनी तिसरी वाट सुचवली : राखीव जागा नकोत, पण निवडणुकीची पद्धतच अशी करावी की एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडले जातील आणि मतदाराला आपली मते एका उमेदवाराला एकत्र देता येतील. बेगम ऐजाज रसूल आणि बिहारचे तजम्मुल हुसेन यांनी मात्र राखीव जागा काढण्याला पाठिंबा दिला. संविधानाच्या कामात शेवटपर्यंत राहिलेल्या बेगम साहिबा या एकमेव मुस्लिम महिला सदस्य होत्या. त्यांचे म्हणणे असे होते की राखीव जागा हे स्वतःवरच उलटणारे हत्यार आहे, ते अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे दूर ठेवते.

शेवटी सभागृहाने समितीचा अहवाल स्वीकारला. आज लोकसभेत आणि विधानसभेत आपले प्रतिनिधी किती, हे मोजताना कोणाला मोहम्मद इस्माईल साहेबांचा इशारा आठवेल, कोणाला बेगम साहिबांची आशा आठवेल, कोणाला वाटेल की लारी साहेबांची वाट घेतली असती तर बरे झाले असते. आम्ही यात कोणाचा निवाडा करीत नाही. सांगायचे एवढेच की 'मुसलमानांना हे हवे होते' असे एका तोंडाने बोलता येईल अशी स्थिती तेव्हाही नव्हती. एकाच सभागृहात, एकाच समाजाचे लोक, एकमेकांना 'माझे मित्र' म्हणत, परस्परविरुद्ध मत देत होते. घरातल्या मतभेदाला गद्दारी म्हणण्याची सवय आपल्याला अलीकडे लागली आहे. त्यांना ती नव्हती.

हेच तजम्मुल हुसेन डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर बोलताना म्हणाले होते की धर्म ही खासगी बाब असावी, प्रचाराचा हक्क कलमात नसावा आणि धर्म ओळखू येईल अशा खुणा किंवा पोशाखही नसावा. सभागृहाने ते मान्य केले नाही. प्रचाराचा हक्क कलम २५ मध्ये राहिला, आणि तो राखण्यासाठी बोलणाऱ्यांत के. एम. मुन्शी होते. समान नागरी कायद्यावर मोहम्मद इस्माईल साहेबांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिलेले तेच मुन्शी. माणसांना एकाच रंगात रंगवण्याची घाई करणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे.

भाषण म्हणजे कायदा नव्हे

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. कोणत्याही सदस्याचे भाषण, मग ते बाबासाहेबांचे का असेना, हा कायदा नसतो. कायदा म्हणजे संविधानाचे कलम आणि न्यायालयाने लावलेला त्याचा अर्थ. भाषणे आपल्याला सांगतात की ते कलम कोणत्या भीतीतून, कोणत्या आशेतून आणि कोणत्या देवघेवीतून आले. म्हणून भाषणाचा कागद दाखवून "हे बघा, आमचा हक्क" असे म्हणता येत नाही, आणि दुसऱ्यालाही "हे बघा, तुमचा गुन्हा" असे म्हणता येत नाही.

आणखी एक. देवाचे नाव संविधानाच्या आरंभी असावे, असे आपल्यापैकी अनेकांना मनापासून वाटते. हा प्रश्नही तेव्हा निघाला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला. जी उद्देशिका विचार आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य देते, तिनेच एक श्रद्धा सर्वांवर लादू नये, असा त्यांचा मुद्दा. मते मोजली गेली : बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधात मत देणारे सगळे नास्तिक नव्हते. शेजाऱ्याच्या श्रद्धेची जागा राखण्यासाठी स्वतःच्या श्रद्धेचा शब्द मागे घेणे हीही इमानदारीचीच एक रीत आहे.

घरात आणि मोहल्ल्यात काय करता येईल?

बारा खंड कोणी सलग वाचत नाही, आणि तशी गरजही नाही. एक दिवस निवडावा. २३ नोव्हेंबर १९४८ ची चर्चा एका निवांत दुपारी वाचून होते. इंग्रजी येणाऱ्या मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावे आणि मराठीत किंवा उर्दूत सांगत जावे, बाकीच्यांनी ऐकावे. मुलांचे इंग्रजी सुधारते आणि आजी-आजोबांकडून फाळणीच्या, हैदराबादच्या, गावच्या जुन्या गोष्टी निघतात, त्या वेगळ्याच. मोहल्ल्यातल्या वाचनालयात १३ वा खंड आहे का, ते विचारावे. नसेल तर पुढच्या खरेदीत तो मागावा. २६ नोव्हेंबरला शाळेत उद्देशिका वाचली जाते, त्या दिवशी एखाद्या मुलाने काझी करीमुद्दीन किंवा बेगम ऐजाज रसूल यांच्यावर पाच मिनिटे बोलावे. शिक्षकांनाही ते नवीन असेल.

आणि मोबाईलवर पुढचा संदेश आला की तो पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न विचारावेत. तारीख कोणती? तेव्हाचा कलम क्रमांक कोणता? हे वाक्य कोणत्या दुरुस्तीच्या उत्तरात आले? आणि मत काय पडले? उत्तर मिळाले नाही तर संदेश तिथेच थांबवावा, तो आपल्या बाजूचा असला तरी.